निकेल ॲल्युमिनाइडचा यील्ड तापवल्यावर वाढतो कसा? (ट्रे, चाचणी, ओतकाम)

भट्टीवाला_मकरपुरा | सोमवार, सकाळी ९.४०

मंडळी, गॅस कार्बुरायझिंगच्या (स्टीलच्या पृष्ठात कार्बन मुरवण्याच्या) भट्टीतल्या ट्रेसाठी एचयू ग्रेडच्या उष्णतारोधक स्टीलऐवजी निकेल ॲल्युमिनाइडची (निकेल आणि ॲल्युमिनियमच्या संयुगाची) कास्टिंग घ्यायची आहे. रचना अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या आयसी-२२१एम या मिश्रधातूची. वजनाने ॲल्युमिनियम ८ टक्के, क्रोमियम ७.७, मॉलिब्डेनम १.४, झर्कोनियम १.७, बोरॉन ०.००८ आणि बाकी निकेल. भट्टी ९३० अंशांवर चालते आणि ट्रे जॉबसकट तेलात उतरतो.

चाचणीचे बार खोलीच्या तापमानाला आणि २००, ४००, ६००, ८००, १००० अंशांना ओढले. अहवालात यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ताणू लागतो तो) ८०० पर्यंत घसरत नाही, उलट थोडा चढतो. १००० ला मात्र खाली येतो. प्रयोगशाळेचे म्हणणे, थर्मोकपल बरोबर आहे. स्टीलचा हात बसलेल्या माणसाला हे पचत नाही. शिवाय खोलीच्या तापमानाच्या तीन बारचे इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबीवाढ) एकमेकांशी जुळत नाही. हे खरे मानायचे की चाचणी पुन्हा करायची?

कलाभवनी | सोमवार, सकाळी ११.१५

चढ खरा आहे. जे. एच. वेस्टब्रुक यांनी १९५७ मध्ये या संयुगाची गरम हार्डनेस मोजली, तेव्हाच तो दिसला होता. कारण जाळीत आहे.

तीन निकेलला एक ॲल्युमिनियम, आणि दोघांच्या जागा ठरलेल्या. घनाच्या आठ कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम, सहा पृष्ठांच्या मध्यावर निकेल. साध्या निकेलमध्ये एक डिसलोकेशन (अणूंच्या रांगेतला सरकणारा दोष) सरकले तरी शेजारी तोच राहतो. इथे सरकले की निकेलसमोर निकेल आणि ॲल्युमिनियमसमोर ॲल्युमिनियम येते आणि क्रम मोडतो. तो मोडलेला पट्टा म्हणजे अँटीफेज बाउंड्री. मागून येणारे दुसरे डिसलोकेशन क्रम पुन्हा जुळवते, म्हणून इथली डिसलोकेशन जोडीने फिरतात.

आता तापमानाकडे. हा पट्टा घसरण्याच्या नेहमीच्या प्रतलावर, म्हणजे १११ या तिरप्या प्रतलावर, महाग (जास्त ऊर्जेचा) पडतो. घनाच्या पृष्ठावर स्वस्त. उष्णता मिळाली की जोडीचा स्क्रू भाग (सरकण्याच्या दिशेला समांतर असलेला) थोडासा घनपृष्ठावर उडी मारतो. तिथे त्याला सहज सरकता येत नाही आणि मूळ प्रतलावर परतताही येत नाही, म्हणजे कुलूप लागते. कीअर आणि विल्सडॉर्फ यांनी १९६२ मध्ये ही कुलपे दाखवली, म्हणून त्यांचेच नाव पडले. तापमान जितके जास्त तितक्या उड्या जास्त, तितकी कुलपे जास्त, तितका यील्ड जास्त. शिखर साधारण ६०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात येते. त्यापुढे घनपृष्ठावरचे घसरणेच सोपे होते आणि ताकद वेगाने उतरते.

शुद्ध संयुगात चढ मोठा दिसतो, कारण सुरुवातच खालून होते. तुमच्या रचनेत क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि झर्कोनियम यांनी खोलीच्या तापमानाचा यील्ड आधीच वर नेलेला आहे, त्यामुळे चढ सौम्य दिसणारच. टर्बाइनच्या पात्यांचे निकेल सुपरॲलॉय ८०० अंशांपर्यंत दम धरतात, त्यामागे याच संयुगाची गॅमा-प्राइम फेज (त्यांच्यात विखुरलेले बारीक कण) आहे.

तन्यता | सोमवार, दुपारी २.०५

सरांचे म्हणणे बरोबर. पण "चढ खरा असतो" आणि "तुमच्या अहवालातला चढ खरा आहे" ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे तपासायला जादा दोनच बार लागतात.

६०० अंशांना एक बार नेहमीच्या वेगाने ओढा. गरम टेन्साइल चाचणीच्या एएसटीएम ई२१ या मानकाप्रमाणे यील्डपर्यंत मिनिटाला ०.००५ स्ट्रेन. दुसरा त्याच तापमानाला दहापट वेगाने. चढाच्या पट्ट्यात यील्ड वेगाला फारशी दाद देत नाही, दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. शिखराच्या पलीकडे मात्र वेग वाढवला की यील्ड चांगलाच वाढतो. तुमच्या "६००" ला तसा फरक आला तर बार खरोखर ६०० ला नव्हता.

थर्मोकपल कुठे बांधले होते, ते विचारा. भट्टीच्या भिंतीतून आत आलेले टोक हवेचे तापमान सांगते, बारचे नाही. गेज लांबीच्या (बारच्या मोजायच्या भागाच्या) दोन्ही टोकांना एकेक आणि जमल्यास मध्ये एक, असे बांधायचे. टोकाचा मणी बारला चिकटलेला हवा, वर ॲस्बेस्टॉसमुक्त सिरॅमिक दोऱ्याचे दोन वेढे, म्हणजे हीटरची सरळ धग मण्यावर पडत नाही. वेढा सैल राहिला की मणी केसभर उचलला जातो, मग तो बारपेक्षा जास्त तापमान दाखवतो आणि बार प्रत्यक्षात थंड राहतो. ई२१ मध्ये १००० अंशांपर्यंत अधिक-उणे ३, त्यावर अधिक-उणे ६ अंश चालतात, आणि तापमान स्थिरावल्यावर किमान २० मिनिटे सोक, म्हणजे त्याच तापमानाला थांबणे.

यील्ड कोणत्या ऑफसेटवर (किती कायमच्या स्ट्रेनवर) काढला तेही पाहा. ०.२ टक्क्यांवर चढ दिसतो. पण अतिसूक्ष्म स्ट्रेनवर, एक लाखांशाच्याही खाली मोजले, तर तो जवळजवळ नाहीसा होतो, कारण कुलपे लागायला आधी थोडे सरकावे लागते. एक्स्टेन्सोमीटर (बारवरच लांबीवाढ मोजणारे साधन) न लावता क्रॉसहेडच्या हालचालीवरून वक्र काढला असेल तर ०.२ टक्क्यांचा बिंदू भरवशाचा नाही.

भट्टीवाला_मकरपुरा | सोमवार, संध्याकाळी ६.३०

ताई, भट्टीतले थर्मोकपल के टाइपचे आहे, बारवर दोन बांधले होते. दहापट वेगाचा बार सांगतो. मग ट्रेचे काय? ९३० ला यील्ड अजून एचयूपेक्षा बराच वर आहे. म्हणजे ट्रेची जाडी निम्मी करता येईल ना?

कलाभवनी | सोमवार, रात्री ९.१०

थांबा. यील्ड हा काही मिनिटांच्या चाचणीचा आकडा आहे. ट्रे ९३० ला तासन्‌तास भार घेतो आणि तिथे क्रीप (भाराखाली हळूहळू ताणत जाणे) राज्य करतो. कुलपे डिसलोकेशनच्या सरकण्याला अडवतात, अणूंच्या विसरणाला नाही. शिखराच्या पलीकडे, आणि ९३० पलीकडेच आहे, यील्डवरून क्रीपचा अंदाज बांधणे धोक्याचे. आयसी-२२१एमचा क्रीप एचयूपेक्षा चांगला आहे, त्यात वाद नाही. पण जाडी ठरवायची ती ९३० किंवा ९५० च्या स्ट्रेस-रप्चर वक्रावरून (किती भाराला किती तासांत तुटतो त्यावरून). तुमच्या ट्रेवरचा भार बहुधा काही मेगापास्कलच असेल. तो हिशेब आधी मांडा.

आणि जाडी ठरवताना तेलाचा धक्का विसरू नका. रेखीय प्रसरण अंशाला सुमारे १४ × १०⁻⁶ आणि यंग मॉड्युलस १९० गिगापास्कल धरा. रिबच्या पृष्ठात आणि गाभ्यात १०० अंशांचा फरक पडला आणि प्रसरण पूर्ण अडले, तर ताण १४ × १०⁻⁶ × १०० × १,९०,००० म्हणजे २६६ मेगापास्कल. उपयोगाच्या भारापेक्षा हा कितीतरी मोठा. म्हणून जाड-बारीक भागांची जोडणी जितकी कमी तितके चांगले. रिबची जाडी सगळीकडे सारखी ठेवा, आतल्या कोपऱ्यांना भरपूर रेडियस द्या. ट्रे इथेच तडकतात.

तन्यता | मंगळवार, सकाळी ८.५०

के टाइपबद्दल एक. कार्बुरायझिंगच्या वातावरणात, ऑक्सिजन अगदी कमी असताना, ८०० ते १०५० च्या पट्ट्यात त्यातले क्रोमेल (निकेल-क्रोमियमची तार) क्रोमियम गमावते आणि तार आतून हिरवट होते. मग ते खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते, कंट्रोलर भट्टी आणखी तापवतो आणि "९३०" चे ९६० होते. क्रीपच्या दृष्टीने तो फरक फार मोठा. एन टाइप वापरा किंवा आवरणनळी ठराविक मुदतीने बदला.

आता इलाँगेशन. खोलीच्या तापमानाला बार जुळत नाहीत तेव्हा मी तीन गोष्टी पाहते. बोरॉन, पृष्ठभाग आणि हवा.

पृष्ठभाग आधी, कारण तो आपल्या हातात आहे. बार वायरकटने (ठिणगी पाडणाऱ्या तारेने) काढले असतील तर वितळून गोठलेला पातळ थर वर राहतो आणि त्यात बारीक भेगा असतात. तो घासून पूर्ण काढायला हवा. शेवटचे पॉलिश ६०० नंबरच्या कागदाने बारच्या लांबीच्या दिशेने. आडव्या रेघा राहिल्या की भेग तिथूनच सुरू होते. ग्रिपिंग सरळ रेषेत हवी, वाकण्याचा स्ट्रेन १० टक्क्यांच्या आत. मऊ स्टीलचा बार थोडे वाकडे बसणे निभावून नेतो, हा नेत नाही.

साचेकर | मंगळवार, सकाळी १०.३०

बोरॉनचे मी सांगतो. शुद्ध निकेल ॲल्युमिनाइडचा एकच क्रिस्टल चांगला ताणता येतो, पण अनेक ग्रेन (स्फटिककण) असले की ग्रेन बाउंड्रीवरून काचेसारखा फुटतो. १९७९ मध्ये जपानात आओकी आणि इझुमी यांनी चिमूटभर बोरॉन घालून हे बदलले. पण दोन अटी आहेत. ॲल्युमिनियम अणूंच्या हिशेबाने २५ टक्क्यांच्या खाली हवे, २४ च्या आसपास. त्यावर गेले की बोरॉनचा उपयोग झपाट्याने कमी होतो. आणि बोरॉन जास्त झाला की बोराइड पडतात, त्यामुळे "थोडा अजून टाकू" हे चालत नाही. ०.००८ टक्के म्हणजे १०० किलोच्या हीटला (एका वेळी वितळवलेल्या धातूला) ८ ग्रॅम. एवढेसे सरळ टाकले तर एकसारखे मिसळत नाही. निकेल-बोरॉनच्या मास्टर ॲलॉयमधून द्या आणि शेवटच्या टप्प्यात द्या.

वितळवताना तापमानाचा खेळ वेगळाच. निकेल आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की स्वतःच भरपूर उष्णता सोडतात. आधी सगळे निकेल वितळवून त्यात ॲल्युमिनियमचे गठ्ठे सोडले, तर धातू एकदम उसळतो, तापमान हाताबाहेर जाते, मुशीचे लायनिंग खाल्ले जाते आणि ॲल्युमिनियम जळून रचना ढळते. ओक रिजच्या पद्धतीत चार्जची मांडणी अशी असते की सगळे ॲल्युमिनियम आणि निकेलचा एक हिस्सा वरच्या भागात लागून राहतो. तापवल्यावर तिथे आधी एकास-एक निकेल ॲल्युमिनाइड तयार होते, तेच सर्वांत जास्त उष्णता देते, आणि ते गरम थेंब खाली उरलेल्या निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनमवर पडून त्यांना वितळवतात. भट्टीला कमी वीज लागते, वेळही वाचतो. चार्ज कोरडा असू द्या. पावसाळ्यात ओलसर स्क्रॅप सरळ टाकले की हायड्रोजन येतो आणि कास्टिंगमध्ये पिनहोल.

झर्कोनियममुळे शेवटी गोठणारा निकेल-झर्कोनियमचा युटेक्टिक (कमी तापमानाला वितळणारे मिश्रण) साधारण ११७० अंशांना वितळतो. म्हणून कास्टिंगला ११५० च्या वर उष्णोपचार करताना जपून.

भट्टीवाला_मकरपुरा | मंगळवार, दुपारी १२.२०

साचेकर साहेब, चार्जची मांडणी लिहून घेतली. ताई, "हवा" राहिली. ऑगस्टमध्ये ओढलेले बार जानेवारीच्या बारशी जुळत नाहीत, असे होऊ शकते का? बडोद्यात पावसाळ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळते.

तन्यता | मंगळवार, दुपारी ३.१५

होऊ शकते, आणि इंटरमेटॅलिक, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या धातू-संयुगांच्या, या गटात ते अवश्य तपासावे. ॲल्युमिनियमयुक्त संयुगाच्या ताज्या उघड्या पृष्ठाला, म्हणजे भेगेच्या टोकाला, हवेतली वाफ भेटली की ॲल्युमिनियम त्यातला ऑक्सिजन घेतो आणि हायड्रोजन अणू मोकळे सुटतात. ते भेगेच्या टोकात शिरून जोड कमकुवत करतात. लोह ॲल्युमिनाइडवर हा परिणाम उघडा पडतो. ३६.५ अणु-टक्के ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे इलाँगेशन हवेत २ टक्क्यांच्या आसपास येते आणि कोरड्या ऑक्सिजनमध्ये १७ च्या पुढे जाते. बार तोच, तापमान तेच, फक्त वाफ नाही.

निकेलच्या संयुगात योग्य बोरॉन असेल तर हा परिणाम बराच दबतो. तरी इलाँगेशन विखुरलेले येत असेल तर एक बार वेगाने ओढा. वेग जास्त असला की हायड्रोजनला शिरायला वेळ मिळत नाही. वेगाने ओढलेला बार जास्त ताणला गेला तर दोष ओलाव्याचा. नाही गेला तर पृष्ठभागाकडे किंवा बोरॉनकडे परत या. चाचणीच्या नोंदीत तापमानाशेजारी सापेक्ष आर्द्रता लिहायची सवय लावा.

कलाभवनी | मंगळवार, दुपारी ४.४०

यात एक भर. हवेचा दुसरा त्रास ६०० ते ८०० मध्ये आहे आणि तो वाफेचा नसून ऑक्सिजनचा आहे. या पट्ट्यात यील्ड शिखरावर असतो आणि नेमक्या त्याच वेळी ऑक्सिजन ग्रेन बाउंड्रीत शिरून इलाँगेशन खाली ओढतो. ताकद सर्वांत जास्त आणि ताणण्याची तयारी सर्वांत कमी, अशी ही जागा आहे. निर्वातात हीच मिश्रधातू तिथे बरी ताणली जाते. क्रोमियम घातले आहे ते मुख्यतः यासाठी. त्याचा ऑक्साइड लवकर बनतो आणि वाट बंद करतो. तुमच्या अहवालात ८०० ला यील्ड वर आणि इलाँगेशन खाली दिसेल, त्याने दचकू नका. पण ट्रे भट्टीतून काढून हवेत रेंगाळत ठेवून मग ठोकाठोकी करू नका. अडकलेला जॉब सोडवायला हातोडा मारायचा तर ट्रे पूर्ण थंड झाल्यावरच.

नवीन ट्रे पहिल्यांदा कार्बुरायझिंगला लावण्याआधी हवेत १००० अंशांच्या वर तासभर-दोन तास तापवून घ्या. ॲल्युमिनाचा सलग थर बसतो आणि कार्बन आत शिरणे अडते. एचयूच्या तुलनेत या धातूचा खरा फायदा यात आहे.

रोटर_आणि_पाते | मंगळवार, रात्री ८.००

धागा निकेलचा आहे, तरी टायटेनियमचे थोडे, कारण "सगळी ॲल्युमिनाइड तापवली की मजबूत होतात" असा समज होऊ नये. टर्बोचार्जरच्या चाकांना आणि जीईएनएक्स इंजिनाच्या लो-प्रेशर टर्बाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांना गॅमा टायटेनियम ॲल्युमिनाइड आहे. ४८ अणु-टक्के ॲल्युमिनियम, २ क्रोमियम, २ नायोबियम. घनता सुमारे ४, म्हणजे निकेलच्या निम्मी. फिरत्या पात्याला हेच हवे.

तापमानाचा गुण इथे वेगळा. खोलीच्या तापमानाला इलाँगेशन जेमतेम एक-दोन टक्के. ठिसूळपणा सुटण्याचे तापमान रचना, ग्रेन आणि वेग यांवर अवलंबून ६०० ते ८०० च्या दरम्यान. वापराची मर्यादा साधारण ७५०. त्यापुढे क्रीप आणि ऑक्सिडेशन. म्हणजे पाते चालू असताना जितके समजूतदार, तितके जुळणीच्या टेबलावर नाजूक. ग्राइंडिंगला चाक धारदार, कूलंट भरपूर, फीड हलका. पृष्ठ जळाले की भेगांचे जाळे पडते आणि ते डोळ्यांना दिसत नाही, फ्लोरोसंट पेनिट्रंट लागतो. कास्टिंगमधली आतली पोकळी बंद करायला हिप (गरम वायूचा चहूबाजूंनी दाब) लावतात. सुमारे ११८५ अंश, १७० मेगापास्कल, ४ तास.

भट्टीवाला_मकरपुरा | बुधवार, सकाळी ९.०५

आभार. आमच्या चाचणीभट्टीचे हीटर मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे आहेत. तेही याच इंटरमेटॅलिक गटातले ना? ते बदलताना फार मोडतात.

कलाभवनी | बुधवार, सकाळी १०.४५

याच गटातले, आणि तापमानाने वागणूक कशी बदलते ते पाहायला याहून जवळचा नमुना नाही. सुमारे १००० अंशांच्या खाली ते सिरॅमिकसारखे ठिसूळ. यू आकाराच्या पायावर बोटाने आडवा जोर दिला तरी कट्‌कन मोडते. १२०० च्या पुढे तेच मऊ पडते, स्वतःच्या वजनाने वाकते. म्हणून ते उभेच टांगतात. आडवे ठेवायचे तर खाली आधार लागतो.

मोडण्याची तीन ठिकाणे. पकड घट्ट आवळली की जाड पायाच्या वरच्या टोकाला. छताच्या विटेचे भोक तंग असले आणि पाय प्रसरणाला अडला की मधे. आणि थंड हीटरला पूर्ण व्होल्टेज दिले की बारीक भागाच्या वळणावर. थंड असताना त्याचा रोध गरम असतानाच्या एक दशांशाहूनही कमी असतो, त्यामुळे करंट लिमिट नसलेला थायरिस्टर सुरुवातीलाच प्रचंड प्रवाह ओततो. करंट लिमिट लावा आणि पहिले काही शे अंश हळू चढा.

४०० ते ६०० च्या पट्ट्यात हीटर दिवसचे दिवस ठेवू नका. तिथे सिलिकाचा काचेसारखा थर नीट बनत नाही, मॉलिब्डेनमचा ऑक्साइड पिवळसर भुकटीसारखा सुटतो आणि पृष्ठ खाल्ले जाते. भट्टी रात्रभर "थोडी गरम" ठेवायची असेल तर या पट्ट्याच्या वर ठेवा, नाहीतर पूर्ण बंद करा. थर खरवडला गेला असेल तर हवेत १४०० च्या पुढे काही तास चालवला की पुन्हा बनतो.

भट्टीवाला_मकरपुरा | बुधवार, दुपारी १.३०

रात्रीचा सेटपॉइंट ५०० ठेवला जातो. आजच बदलतो. प्रयोगशाळेला असे कळवतो: ६०० ला दोन वेगांनी दोन बार, खोलीच्या तापमानाला हळू आणि जलद असे दोन, आर्द्रतेची नोंद, वायरकटचा थर काढून लांबीच्या दिशेने पॉलिश. ९३० ला स्ट्रेस-रप्चर वेगळे. काही राहिले?

तन्यता | बुधवार, दुपारी २.१०

९३० ऐवजी ९५० ला करा. भट्टीतले के टाइप कमी दाखवत असेल तर ट्रे तिथेच असणार. आणि प्रत्येक बार एकाच हीटचा आणि एकाच कास्टिंगच्या एकाच जाडीतून कापलेला आहे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. जाड भागातले ग्रेन मोठे असतात. ते मिसळले तर तापमानाचा परिणाम कोणता आणि ग्रेनचा कोणता, हे कोणालाच सांगता येणार नाही.